प्रश्न आधी, उतारा मग

उताराकाकांच्या हातात लग्नपत्रिका दिली की ते ती आधी उलटी करतात. मागे काही छापलंय का ते बघतात. मग सुलट करून तळाची ओळ वाचतात, मग स्थळ-वेळ, आणि सगळ्यात शेवटी 'श्री गजानन प्रसन्न'. प्रश्न आधी वाचायचे आणि उतारा मग, ही शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की जिथे प्रश्न नसतात तिथेही ते पाठीमागे प्रश्न शोधतात. वाचून झालं की चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "मुलाच्या काकांची नावं सहा, मुलीच्या आईचं एकदाही नाही. यावरून काय अनुमान काढाल?" पत्रिका द्यायला आलेला माणूस अनुमान काढायच्या तयारीने आलेला नसतो. तो चहा संपवतो आणि अजून चार घरं राहिलीत म्हणून उठतो.

काकांचं खरं नाव सांगून उपयोग नाही. कॉलनीत त्या नावाने विचारलंत तर गेटवरचा गार्ड मान हलवेल. दारावर पाटी आहे ती त्यांच्या मुलीच्या नावाची, कारण क्वार्टर तिला मिळालंय. "पॅसेजवाले अंकल" म्हणालात तर मात्र तोच गार्ड तुम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला येईल. त्याची पोरगी सातवीत आहे, आणि पुढच्या वर्षी तिला काकांकडे बसवायची आहे. आम्ही इथली दोन-चार मराठी घरं त्यांना उताराकाका म्हणतो. तोंडावर नुसतं काका.

आमचं दिल्लीतलं सरोजिनी नगर म्हटलं की बाहेरच्या माणसाला मार्केट आठवतं. एक्स्पोर्टचा उरलेला माल, ढिगातून उपसलेले टॉप, "जो लो डेढ़ सौ" अशा आरोळ्या, आणि पुण्याहून आलेल्या भाच्या. पण त्या मार्केटच्या पाठीला सरकारी बाबूंची वसाहत आहे, १९५०च्या दशकात वसलेली. पूर्वी तिचं नाव विनयनगर होतं, मग सरोजिनी नायडूंच्या नावाने ओळखली जाऊ लागली. देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून आलेले कारकून, स्टेनो, असिस्टंट इथे दुमजली पिवळट क्वार्टरांत राहिले, प्रत्येकाने आपापला मसाला गावाहून आणला, आणि सगळ्यांनी मिळून एकच स्वप्न पाहिलं: पोराचं इंग्लिश चांगलं व्हावं.

काका कराडचे. मराठी शाळा, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, कंदील नव्हे पण कंदिलाच्याच ताकदीचा बल्ब. केंद्र सरकारच्या कारकुनी भरतीसाठी १९७५ साली आयोग नेमला गेला. आजचं स्टाफ सिलेक्शन कमिशन ते हेच. त्याच्या सुरुवातीच्या परीक्षांपैकी एक देऊन काका दिल्लीला आले. "त्या पेपरात एक उतारा होता," ते सांगतात, "मधमाश्यांवर. पाचही उत्तरं बरोबर आली. चार आली असती तर आज मी कराडला भावाच्या दुकानात पुड्या बांधत असतो." नोकरी, क्वार्टर, काकू, मुलगी, पेन्शन, सगळं त्या मधमाश्यांवर उभं आहे. घरात मध संपलेला कधी चालत नाही. खात कोणी नाही.

मधमाश्यांबद्दलचा हा जिव्हाळा उताऱ्यांच्या जगात अगदी योग्य ठिकाणी आहे. परीक्षेच्या उताऱ्यांचं एक वेगळंच विश्व असतं. तिथे मधमाश्या अखंड कष्ट करतात, हिमनद्या वितळतात, प्लास्टिक समुद्रात जातं, एक वृद्ध शिल्पकार आपल्या नातवाला काहीतरी समजावतो आणि कोणीतरी शास्त्रज्ञ झोपेचे फायदे शोधून काढतो. तिथे कोणाला उधारी नसते, कोणाचं सासूशी वाजत नाही. काकांकडे अशा उताऱ्यांच्या फाइली आहेत, विषयवार, हिरव्या टॅगने बांधलेल्या, प्रत्येकीवर क्रमांक. 'पर्यावरण' तीन खंडांत, 'वक्तशीरपणा' एका. काकू म्हणतात, लग्नाच्या अल्बमवर धूळ आहे, हिमनद्यांवर नाही.

कॉलनीतल्या पोरांकडून काका हेच उतारे सोडवून घेतात, आणि हा वर्ग फुकट. म्हणजे पैशात फुकट. फी म्हणून प्रत्येकाने आठवड्याला दहा पाठकोरे कागद आणायचे. आईबाप ऑफिसातून आणतात, त्यामुळे काकांच्या वर्गात एका बाजूला रीडिंग कॉम्प्रिहेन्शन आणि दुसऱ्या बाजूला कुठल्याशा मंत्रालयाचा रद्द झालेला मसुदा असतो. एकदा एका पोराने चुकून मसुद्याच्याच बाजूचे प्रश्न सोडवायला घेतले. अर्ध्या तासाने म्हणाला, "अंकल, इसमें तो कुछ पूछा ही नहीं है." काका कागद घेऊन बराच वेळ वाचत बसले आणि म्हणाले, "बरोबर आहे. आणि काही सांगितलेलंही नाही."

आठवी ते दहावीची डझनभर पोरं असतात. गढवाली, मल्याळी, बिहारी, ओडिया, आणि आमची दोन. शिकवण्याची भाषा हिंदी, रागावण्याची मराठी. "इदर देख. ये जो लिखा है, रीड द फॉलोइंग पॅसेज केअरफुली, इसमें सबसे बडा शब्द कौनसा?" पोरं म्हणतात पॅसेज. काका कपाळावर हात मारतात. "केअरफुली! अरे गाढवा, केअरफुली! पन्नास वर्षांत हा शब्द केअरफुली वाचणारा एक माणूस मला भेटलेला नाही." मल्याळी पोरीला 'गाढवा' कळत नाही, पण ते आपल्यालाच आहे हे कळतं. त्या अर्थाने तिचं कॉम्प्रिहेन्शन उत्तम आहे.

काकांच्या ठरावीक आरोळ्या आहेत. "एस कुठे गेला?" ही तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापदासाठी. "'द' कुठे ठेवलास?" ही आर्टिकलसाठी, आणि ती अशा सुरात की पोरं नकळत खिसे चाचपतात. "पूर्ण वाक्यात!" ही सगळ्यांसाठी, यात मीही आलो. जिन्यात भेटलो आणि विचारलं, "काका, बरं आहे ना?" तर ते "हो" म्हणत नाहीत. "हो, माझं बरं आहे" असं म्हणतात आणि माझ्याकडे जरा थांबून बघतात. आपण काहीतरी अपूर्ण टाकलंय असं उगाच वाटत राहतं.

सीबीएसईवर त्यांचा एक जुना राग आहे. दहावीचा इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा, त्यात वाचनाला २० आणि व्याकरणाला १०. "दहा!" ते म्हणतात. "ग्रामर म्हणजे काय भाजीवर फुकट मिळणारा धनिया आहे?" दिल्लीत भाजीवाला कोथिंबीर मूठभर फुकट टाकतो, पण ती मागावी लागते, हेही ते लगेच जोडतात. उलट परीक्षेच्या आधीची पंधरा मिनिटं त्यांना फार प्रिय. सव्वादहाला पेपर हातात, साडेदहापर्यंत लिहायचं नाही, फक्त वाचायचं. वर्गात ते त्याचा सराव करून घेतात. हात मागे, पेन खाली, तोंड बंद. चौदा-पंधरा वर्षांची डझनभर पोरं पंधरा मिनिटं गप्प बसलेली बघून वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा खाली येऊन विचारलं होतं, कोणी वारलं का म्हणून.

त्यांच्या व्याकरणाचं मूळ मात्र शाळेत नाही, ऑफिसात आहे. पस्तीसेक वर्षं त्यांनी उद्योग भवनात फाइलींवर टिपणं लिहिली, आणि सरकारी टिपणात माणूस कधी काही करत नाही. तिथे गोष्टी होतात. निर्णय घेतला जातो, विलंब झालेला असतो, बाब निदर्शनास आणली जाते. त्यामुळे पॅसिव्ह व्हॉइस शिकवताना काकांना जी धार चढते ती बाकी कशाला चढत नाही. "ॲक्टिव्हमध्ये माणूस अडकतो," ते पोरांना सांगतात. "पॅसिव्हमध्ये काम होतं आणि माणूस साडेपाचला घरी जातो." कर्ता कधी गाळावा याचे नियम ते बोटांवर मोजून घेतात: माहीत नसेल तर, महत्त्वाचा नसेल तर, किंवा लपवायचा असेल तर. पहिले दोन कुठल्याही पुस्तकात मिळतील. तिसरा असा उघड मांडलेला मी फक्त काकांकडे ऐकला.

पोरं हे धडे मन लावून घेतात. एकाने शाळेत क्रिकेट खेळताना काच फोडली. मॅडमनी विचारलं, कोणी फोडली? तो म्हणाला, "मॅम, द विंडो वॉज ब्रोकन." आईला शाळेत बोलावणं आलं. आई तणतणत काकांकडे आली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण वाक्य बरोबर आहे."

घरातही हेच. "दूध उतू गेल्याचे निदर्शनास आले आहे," असं स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ते जाहीर करतात.

"गॅस कोणी चालू ठेवला होता?" काकू.

"गॅस चालू ठेवण्यात आला होता."

काकू ओटा पुसून घेतात. ओटा पुसला जात नाही, काकू पुसतात, हा फरक त्यांच्याइतका कोणाला कळत असेल असं मला वाटत नाही.

तपासायला काका हिरवी शाई वापरतात. यामागे एक हळवी गोष्ट आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयीन पद्धतीच्या नियमपुस्तकात शाईचेसुद्धा नियम आहेत. हिरवी किंवा लाल शाई जॉइंट सेक्रेटरी आणि त्यावरच्यांनीच वापरायची, तीही क्वचित. काका असिस्टंट म्हणून लागले नव्हते, पण असिस्टंट म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी निळ्यात आणि काळ्यात गेली. निवृत्तीच्या निरोपसमारंभाहून घरी येताना नारळ, शाल आणि घड्याळ तर होतंच. शिवाय मधेच बसमधून उतरून त्यांनी बाबू मार्केटमधून हिरव्या रिफिलींचा एक डबा घेतला. तेव्हापासून आठवीच्या पोरांच्या वह्यांवर जॉइंट सेक्रेटरीची शाई पडते. खाली सही, तारीख, आणि कधी कधी "प्लीज स्पीक". म्हणजे येऊन बोला. ते वाचून नववीतला एक पोरगा दोन दिवस वर्गात घसा बसेपर्यंत बोलत होता.

टेबलावर रेन अँड मार्टिनचं इंग्रजी व्याकरण असतं, लाल, कण्याला पट्टी लावलेलं. काकांना त्या पुस्तकातले व्यायाम पाठ आहेत हे ठीक, पण त्यांना लेखकही पाठ आहे. पर्सिव्हल क्रिस्टोफर रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात, तिथल्या हायस्कुलाचे ते हेडमास्तर. पुढे विलायतेला जाऊन त्यांनी १९२४ साली 'बो जेस्ट' नावाची फ्रेंच फॉरेन लीजनवरची कादंबरी लिहिली, ती तुफान खपली, हॉलिवूडने तिच्यावर एकाहून जास्त सिनेमे काढले. सहारातल्या किल्ल्यावर मेलेले सैनिक तटावर उभे करून ठेवणारा माणूस आणि 'ट्रान्झिटिव्ह व्हर्ब' समजावणारा माणूस एकच, हे काका प्रत्येक नव्या तुकडीला मोठ्या नाट्याने सांगतात. एक बिहारी पोरगा म्हणाला, "अंकल, इतना मस्त लिखते थे तो ग्रामर क्यों लिखा?" काका म्हणाले, "वाळवंटातून सुटलेल्यांना पकडायला." मराठीत म्हणाले. मग हिंदीत सांगताना मजा गेली, ते त्यांना दिवसभर लागून राहिलं.

दहावीच्या पेपरात चुका दुरुस्त करण्याचा एक प्रश्न असतो. काकांना त्यासाठी पुस्तकाची गरज नाही, मार्केट आहे. सोमवारी मार्केट बंद, म्हणून मंगळवारी संध्याकाळी ते पोरांना घेऊन टी-शर्टांच्या गल्लीत जातात. एक्स्पोर्टमधून नाकारलेल्या आणि कुठे कुठे छापलेल्या त्या कपड्यांवर इंग्रजीचे असे नमुने असतात की बोर्डाच्या पेपर काढणाऱ्यांनी तिथे मुक्काम करावा. "शी डोन्ट नीड नो किंग" हे वाक्य पाहून काका जागच्या जागी थबकले होते. "किती चुका?" पोरं म्हणाली एक. काका म्हणाले दोन. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक दोन मागतंय. त्याने दोन काढले. काकांनी त्याला शांतपणे समजावलं की हे वाक्य चुकीचं आहे. तो म्हणाला, "अंकल जी, ये डेढ़ सौ का है. सही इंग्लिश वाला शोरूम में मिलेगा, डेढ़ हज़ार का." काकांनी पाकीट काढून तो टी-शर्ट घेतला. आजही फळ्याशेजारी खिळ्याला टांगलेला आहे, हिरव्या खुणांसह.

याचा पोरांनी फायदा घेतला नसता तरच नवल. ज्या दिवशी गृहपाठ झालेला नसे त्या दिवशी कोणीतरी मुद्दाम चुकीचा टी-शर्ट घालून येई. काका त्याच्या छातीवरचं वाक्य वाचत, पाठीवरचं वाचत, मग त्याला गोल फिरवत. तेवढ्यात वीस मिनिटं जात. हे कारस्थान काकांच्या लक्षात यायला एक अख्खा उन्हाळा गेला. आलं तेव्हा ते चिडले नाहीत. म्हणाले, "चुकीचं वाक्य ओळखून विकत आणलंत म्हणजे बरोबर काय ते कळतं तुम्हाला."

जुन्या क्वार्टरांच्या काळात हा वर्ग कडुनिंबाखालच्या सिमेंटच्या चबुतऱ्यावर भरे. मग सरकारने या वसाहती पाडून मनोरे बांधायचं ठरवलं. २०१८च्या उन्हाळ्यात झाडं तोडण्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले, झाडांना मिठ्या मारल्या, जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितली. काका घोषणा देणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी एका कार्यालयाला अर्ज लिहिला. सुंदर अर्ज. कडुनिंबाची उंची, सावलीचं क्षेत्र, तिथे बसणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या, शेवटी नम्र विनंती. मी म्हटलं, काका, जरा सविस्तर लिहा, मुद्दे बरेच आहेत. ते म्हणाले, "फॉर्मल लेटर शंभर ते एकशेवीस शब्दांत. हे एकशेअठरा झालंय." एवढा मोठा कडुनिंब दोन शब्द शिल्लक ठेवून मांडला गेला होता. उत्तर आलं नाही. काकांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही; पत्ता, विषय, मजकूर, समारोप, चारही ठिकाणी पूर्ण गुण पडणार याची त्यांना खात्री होती. काकू मात्र रोज संध्याकाळी त्या चबुतऱ्यावर जाऊन बसत, क्वार्टर सोडेपर्यंत.

मधली वर्षं आर. के. पुरममध्ये गेली. तिथे असतानाच तो २०२१चा डिसेंबर आला. ११ तारखेला दहावीचा इंग्रजीचा पेपर झाला, आणि त्यातल्या एका उताऱ्यावरून देशभर गदारोळ उठला. बायका नवऱ्याच्या धाकात राहिनाशा झाल्या आणि त्यामुळे पोरं बिघडली, अशा वळणाचा मजकूर होता तो. १३ तारखेला सोनिया गांधींनी लोकसभेत विषय काढला, त्याच दिवशी बोर्डाने उतारा रद्द केला आणि त्याचे पूर्ण गुण सगळ्यांना देऊन टाकले.

काका दोन दिवस सैरभैर. उतारा वाईट आहे हे त्यांना मान्य होतं, पण त्यांच्या शास्त्रात उताऱ्यावर रागवायची सोयच नव्हती. "उतारा सांगतो तेवढंच. तुझं मत बाजूला ठेव," हे त्यांनी आजवर शेकडो पोरांना सांगितलेलं. आता पोरं विचारत होती, की अंकल, मत बाजूला ठेवून आम्ही बरोबर उत्तरं लिहिली, मग तो उतारा पास झाला की आम्ही? शेवटी काकूंनी विचारलं, एवढं काय होतं त्यात? काकांनी ओळ न ओळ मराठीत सांगितली. काकू कणीक मळत ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "याला शीर्षक मी देते." ते त्यांनी दिलं. अत्यंत समर्पक होतं, इथे छापण्याजोगं नाही.

तेव्हापासून काकांच्या प्रत्येक उताऱ्याखाली एक जादा प्रश्न असतो, क्रमांक शून्य: लेखक म्हणतो ते तुला पटतं का? त्याला गुण नाहीत. म्हणून पोरं तो सोडवत नाहीत. काका तरी लिहितात.

नव्या पद्धतीतला त्यांचा आवडता प्रकार म्हणजे ॲसर्शन-रीझन. एक विधान, एक कारण, आणि चार पर्याय. हा प्रकार त्यांनी घरात आणला आणि मुलीचं जिणं कठीण केलं. ती ऑफिसातून उशिरा येते. "बाबा, पिंक लाइन दहा मिनिटं उभी होती." काका सोफ्यावरून म्हणतात, "उशीर झाला, हे विधान सत्य. मेट्रो थांबली, हे कारणही सत्य. परंतु दहा मिनिटांचं कारण हे दीड तासाच्या विधानाचं योग्य स्पष्टीकरण नव्हे. पर्याय ब." मुलगी बॅग फेकून म्हणते, "मैत्रिणीबरोबर टिक्की खाल्ली." "आता कसं, पर्याय अ," म्हणून काका संतुष्ट होतात. टिक्कीला त्यांची हरकत कधीच नसते.

एवढं इंग्रजी पोटात असून काका इंग्रजी बोलत मात्र नाहीत. लिहायला सांगा, निर्दोष. बोलायची वेळ आली की घशात पॅसिव्ह अडकतो. नोव्हेंबरात पेन्शनरांना जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. एका वर्षी काकांचा दाखला कुठेतरी अडकला आणि हेल्पलाइनला फोन करायची वेळ आली. यंत्राने विचारलं, हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन. काकांनी निष्ठेने दोन दाबलं. पलीकडून बाई भडाभडा बोलल्या. काका उभे राहिले, उभ्या उभ्या म्हणाले, "मॅडम, इट इज सबमिटेड दॅट..." आणि थांबले. पुढचं वाक्य ते मनात दुरुस्त करत होते.

वर्गातला सगळ्यात ढ पोरगा शेजारी होता. व्याकरणात दहापैकी तीनवाला. त्याने फोन घेतला. "हाय मॅम! सो, लाइक, माय अंकल, ही हॅव गिव्ह द सर्टिफिकेट, बट युअर सिस्टम सेइंग ही इज डेड. ही इज सो नॉट डेड, मॅम. ही इज स्टँडिंग हिअर ओन्ली." पलीकडे बाई हसल्या. दोन मिनिटांत काम झालं. काकांनी तेवढ्या वेळात समोरच्या पाठकोऱ्यावर सगळं बोलणं उतरवून घेतलं होतं आणि हिरव्या शाईने खुणा करत होते. कागद त्याला दिला. "चुका दुरुस्त करून आण." मग त्याला मार्केटात नेऊन मोमो खाऊ घातले, दोन प्लेटी. तो म्हणाला, अंकल, निदान पाच तरी द्या. काका म्हणाले, "मोमो वेगळे, मार्क वेगळे."

२०२५च्या जानेवारीत सरोजिनी नगरातल्या नव्या टाइप-टू घरांचं उद्घाटन झालं, २८ टॉवर, अडीच हजारांहून जास्त घरं, आणि पुढे त्यातलं एक काकांच्या मुलीला लागलं. ती यूडीसी, म्हणजे अप्पर डिव्हिजन क्लार्क, आहे. काका परत आले, नवव्या मजल्यावर. त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्लीत मराठी साहित्य संमेलन होतं, तालकटोरा स्टेडियममध्ये, अध्यक्ष तारा भवाळकर. दहावीचा इंग्रजीचा पेपर १५ तारखेला होऊन गेला होता, त्यामुळे काका २१ ते २३ मोकळे. आम्ही बरोबर गेलो. काकांनी परिसंवाद वहीत टिपून घेतले, उपमुद्दे आत सरकवून, शेवटी संक्षेपांची सूची देऊन. एका लांबलेल्या भाषणानंतर माझ्या कानाशी म्हणाले, "ऐंशी शब्दांत होतं हे." दुसऱ्या एका भाषणाला त्यांनी वही मिटून ठेवली आणि नुसतं ऐकलं, तेव्हा मीच त्यांच्याकडे दोनदा वळून पाहिलं.

आता वर्ग टॉवरच्या तळाशी, पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधे भरतो. लिफ्टमध्ये मध्यंतरी एक नोटीस लागली. "लिफ्ट आर अंडर मेंटेनन्स. इनकन्व्हिनियन्स इज रिग्रेट." काकांनी ती नवव्या मजल्यावरून खाली येईपर्यंत सहन केली. वर जाताना खिशातून हिरवं पेन काढलं. पहिल्या वाक्यात लिफ्टचं अनेकवचन केलं, दुसऱ्याच्या शेवटी 'एड' लावलं, कोपऱ्यात सही आणि तारीख टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नोटिशीवर निळ्या बॉलपेनने आणखी एक खूण होती. 'इनकन्व्हिनियन्स'च्या आधी छोटासा कोन, आणि वर बारीक अक्षरात 'द'.

काकांचा 'द' राहिला होता.

त्या दिवशी वर्गात उतारा झाला नाही. काकांनी प्रत्येक पोराकडून 'द' दहा वेळा लिहून घेतला आणि भिंग लावून अक्षर ताडून पाहिलं. जुळलं नाही. गार्डच्या पोरीचंही घेतलं. जुळलं नाही. संध्याकाळी मी रेन अँड मार्टिन परत करायला गेलो, तेव्हा काका येरझाऱ्या घालत होते. काकू जेवणाच्या टेबलाशी बसून दुधाचा हिशेब लिहीत होत्या. निळ्या बॉलपेनने.

"पण हे केलं कोणी असेल?" काका दहाव्यांदा म्हणाले.

"केलं गेलंय," काकू वहीतून मान वर न करता म्हणाल्या.

"कोणाकडून?"

"ते लिहिलंच पाहिजे असं नाही ना? माहीत नसेल, महत्त्वाचं नसेल, किंवा लपवायचं असेल, तर गाळावं." त्यांनी पान उलटलं. "सत्तावीस लिटर झालंय या महिन्यात. चहा कमी प्या."